आठच्या आधीचं रक्त

१

दर दुसऱ्या गुरुवारी सकाळी साडेसातला मी टिपणीसांच्या घरी रक्त काढायला जायचो. वेळ साडेसातचीच, कारण आठ वाजता त्यांचा डोस असायचा आणि रक्त डोसाच्या आधी घ्यावं लागायचं. आदल्या रात्री घेतलेल्या औषधापैकी किती अजून अंगात शिल्लक आहे, ते मुंबईच्या डॉक्टरांना बघायचं असे. कमी असलं तर शरीर नव्या लिव्हरवर उलटतं, जास्त झालं तर किडनी जाते. दोन आकड्यांच्या मध्ये माणसाला आयुष्यभर ठेवायचं, असा तो प्रकार होता.

मी कोन गावचा. पनवेलला टपाल नाक्याजवळ एका गाळ्यात माझी छोटी लॅब होती. साखर, लघवी, मलेरिया, असलीच कामं. लिव्हर बदललेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि पनवेलमध्ये कुणीच पाहिला नव्हता. हे चौऱ्याण्णव साल. आपल्याकडे तेव्हा याची सोय नव्हती. इंद्रजीत टिपणीस पाताळगंगेकडच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. कावीळ जुनी होऊन लिव्हर सुकलं, तेव्हा कारखान्याने आणि दोन ट्रस्टनी मिळून त्यांना लंडनला पाठवलं. डिसेंबरात ते परत आले. गाठीशी एक जाडजूड फाईल, तेलकट औषधाच्या बाटल्यांची पेटी आणि पोटावर या बरगडीपासून त्या बरगडीपर्यंत गेलेला व्रण.

"कुणाचं बसवलं, साहेब?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. विचारायला नको होतं.

"एक माणूस वारला तिकडे. तिशीतला होता, एवढंच सांगितलं. नाव सांगत नाहीत."

नवीन पनवेलला सिडकोच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. हॉल, स्वयंपाकघर आणि आतली एक खोली. ही आतली खोली नीतावहिनींनी त्यांच्यासाठी मुद्दाम तयार केली होती. भिंतींना पांढरा ऑइलपेंट, लोखंडी खाट, मच्छरदाणी, दाराला जाड पडदा. जंतू लागू नयेत म्हणून. साहेब तिथे दोन रात्री झोपले आणि तिसऱ्या दिवसापासून हॉलमधल्या दिवाणावर आले. हवा येत नाही, म्हणाले.

औषधाने त्यांचा चेहरा गोल झाला होता. हातांवर, कपाळावर काळीभोर लव आली होती. बोटं सारखी कापायची. कप धरला की बशी वाजायची. पण माणूस काटेकोर. ट्यूबवरची इंग्रजी चिठ्ठी स्वतः वाचल्याशिवाय मला सोडत नसत.

"जीतमध्ये दोन ई घाला हो, कमलाकर. एका ईवाला इंद्रजीत दुसराच कुणीतरी होईल."

मी दुसरी ई घालायचो. मग वहिनी काचेच्या ग्लासात कोमट दूध घ्यायच्या, पिचकारीने मोजून औषध त्यात सोडायच्या, ढवळायच्या. जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास घरभर पसरायचा. साहेब नाक मुरडून ते प्यायचे आणि मी थर्मासमध्ये ट्यूब घालून खाली उतरायचो. कारखान्याची जीप ती मुंबईला न्यायची. सगळं घड्याळासारखं चाललं होतं.

२

फेब्रुवारीत आकडा उतरायला लागला.

आधी थोडासा. मग निम्मा. मग इतका की मुंबईच्या डॉक्टरांनी माझ्या शेजारच्या मेडिकलमध्ये फोन करून मला बोलावून घेतलं. "ट्यूब उन्हात ठेवता का? वेळ चुकते का?" मी नाही म्हटलं. "मग पेशंट औषध घेत नसणार. लक्ष ठेवा." त्यांनी डोस वाढवला. आकडा तरीही खालीच.

तिथपासून त्या घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वहिनी साहेबांकडे. साहेब माझ्याकडे. आणि खरं सांगायचं तर मी वहिनींकडे. सहा महिने नवऱ्याची सेवा करून माणूस थकतो. पिचकारी जरा कमी भरली तर कुणाला कळणार? असला विचार मनात आला याची मला लाज वाटली, पण आला हे खरं.

वहिनींनाच ते कळलं असावं. एका गुरुवारी रक्त काढून झाल्यावर त्या म्हणाल्या, "कमलाकरभाऊ, आज थांबा. तुमच्यासमोर देते."

मी थांबलो. त्यांनी बाटली उजेडात धरली, पिचकारी भरली, मला आकडा दाखवला. साहेबांनी ग्लास रिकामा केला. वहिनींनी त्यात आणखी दूध ओतून, काठाला लागलेलं औषध खंगाळून तेही पाजलं. अर्धा तास आम्ही तिघं तिथेच बसून होतो. साहेब बेसिनकडे गेले नाहीत. उलटी नाही, काही नाही.

तिसऱ्या दिवशी आकडा आला. आणखी कमी.

आणि साहेब दिसायला मात्र सुधारत होते. चेहऱ्याची सूज उतरली होती. हातांवरची लव विरळ झाली होती. त्यांनी वहिनींकडे सुई मागितली, दोरा मागितला आणि एका दमात ओवून दाखवला.

"बघा. बोट हलत नाही."

"बरं झालं की, साहेब."

"बरं कसलं?" ते सुईकडे बघत म्हणाले. "थरथर औषधाची होती. औषध गेलं म्हणून थरथर गेली. पण मी पितो ना रोज? तुम्ही पाहिलंत. मग जातं कुठे?"

 मी सामान आवरत होतो. आतल्या खोलीत खाट करकरली. साहेबांनी मान वळवली नाही, पण बोलायचे थांबले. लोखंडी खाट आहे, सकाळी ऊन आलं की तापून वाजते, असं मी स्वतःशीच म्हटलं. त्या खोलीत सकाळचं ऊन येत नाही हे मला पायऱ्या उतरताना आठवलं.

३

मार्चमध्ये वहिनी पुन्हा शाळेत जायला लागल्या. त्या मराठी शिकवायच्या, सकाळची शाळा. सातलाच बाहेर पडायच्या. डोस भरून, झाकून ठेवायच्या.

त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी मी गेलो तर दार नुसतं लोटलेलं. हॉलमध्ये दिवाणावर कुणी नाही. चादर घडी घातलेली.

"साहेब?"

"आत या," आतून आवाज आला.

पुन्हा आतल्या खोलीत झोपायला लागले वाटतं, असं वाटून मी पडदा सारला. खिडकीला कागद लावलेले होते, त्यामुळे अंधुक होतं. मच्छरदाणी सोडलेली. आत ते भिंतीकडे तोंड करून निजले होते. मी खाटेशी बसल्यावर मच्छरदाणीच्या खालून डावा हात बाहेर आला.

हातावर दाट लव होती. बोटं कापत होती. मला हायसं वाटलं. औषध लागू पडतंय!

लंडनमधल्या सलाइनांनी त्यांच्या डाव्या हाताची शीर दोरीसारखी कडक झाली होती, म्हणून मी नेहमी उजवा हात घ्यायचो. आज डाव्या हातात शीर लगेच मिळाली. मऊ, भरलेली. सुधारते कधीकधी, मी मनात म्हटलं. रक्त आलं. मी कापूस ठेवला. "पाच मिनिटं दाबून धरा, साहेब." कोपर दुमडलं, हात तसाच बाहेर राहिला. मी चिठ्ठी लिहिली, दोन ई घातल्या. ती वाचायला त्यांनी मागितली नाही.

आकडा आला तो अगदी जिथे हवा तिथे. डॉक्टर फोनवर खूश झाले. पंधरा दिवसांनी तेच. लोटलेलं दार, "आत या", तोच हात, तोच छान आकडा. डॉक्टरांनी वाढवलेला डोस पुन्हा कमी केला. मी समाधानाने घरी जाऊन आईला सांगितलं की माझा पेशंट मार्गी लागला.

त्या दुसऱ्या वेळी खाली उतरताना जिन्यात रंभा भेटली. टिपणीसांकडे धुणंभांडी करायची, आमच्याच बाजूची बाई. कडेला बादली ठेवून म्हणाली,

"दादा, त्यांचा भाऊ आलाय काय ओ?"

"नाय. का?"

"रोज साएब हॉलमंदी पेपर वाचतान. वैनी शालंत. मंग आतल्या खोलीन खाट कोन वाजवतंय?"

"उंदीर असंल."

"उंदीर?" ती माझ्याकडे बघत राहिली. "उंदराला माणसावानी कूस बदलताना आमी नाय आयकला."

४

एप्रिलचा पहिला गुरुवार. दार लोटलेलं. "आत या." हात. रक्त. कापूस. सगळं नेहमीसारखं. मी हॉलमध्ये येऊन टेबलावर चिठ्ठी लिहायला बसलो. नावातली दुसरी ई लिहीत असताना जिन्यावर चपला वाजल्या आणि दार ढकलून इंद्रजीत टिपणीस आत आले.

तोंडाला रुमाल, हातात दुधाच्या दोन पिशव्या.

"सापडलात!" ते म्हणाले. धापा टाकत होते. "आज मुद्दाम फिरणं अर्धं टाकून आलो. महिनाभर तुमचा पत्ता नाही. तुमच्यासाठी दार लोटून फिरायला जातो, पावणेआठला येतो, डोस हातात घेऊन तुमची वाट बघत बसतो. आणि रिपोर्ट येतात! छान छान रिपोर्ट! नीताला सांगितलं तर म्हणते, तुम्ही विसरता, औषधांनी होतं असं. कुणाचं रक्त पाठवता हो तुम्ही?"

 ट्यूब माझ्या मुठीत होती. अजून गरम होती.

त्यांनी रुमाल सोडला तेव्हा मला त्यांचे डोळे दिसले. हळदीसारखे पिवळे. ते बोलता बोलता दंड खाजवत होते. बाह्या वर केलेल्या. दोन्ही कोपरांच्या खळग्यात सुईची एकही ताजी खूण नव्हती. हात लोण्यासारखे गुळगुळीत, स्थिर.

"साहेब, मी आत्ता..." मी म्हणालो. "तुम्ही मला आत बोलावलंत."

"मी आत्ता जिना चढलो."

आत खाट वाजली.

आम्ही दोघांनी ऐकलं. त्यांचा राग एका क्षणात गेला. ते दिवाणावर बसले आणि त्यांनी खिडकीकडे तोंड केलं, जसं एखादं मूल डोळे झाकून घेतं.

मी उठलो. का उठलो सांगता येत नाही. सगळ्याचा उलगडा होईल असं वाटलं असेल. कुणी नातेवाईक असेल, कुणी भामटा असेल. मी पडद्याची कड धरली आणि चार बोटं बाजूला केली.

मच्छरदाणी स्थिर होती. आत भिंतीकडे वळलेली पाठ होती, माणसाची असते तशी, श्वासाबरोबर हलणारी. आणि मच्छरदाणीबाहेर तो हात तसाच होता, कोपरात दुमडलेला. मी सांगितलं होतं तसा कापूस दाबून धरलेला. पाच मिनिटं अजून व्हायची होती.

बोटं थरथरत होती.

मी पडदा सोडला.

"आहे ना?" साहेब खिडकीकडे बघतच म्हणाले. "मला वाटलं माझ्याच डोक्यात आहे. पहिल्या रात्रीपासून वाटत होतं. मी पाय पसरले की कुणीतरी आकसून जागा द्यायचं."

"साहेब, हात द्या," मी म्हणालो.

"काय?"

"उजवा हात. तुमचं रक्त घेतो. आणि लगेच मुंबईला फोन करा."

वीस वर्षं हे काम करतोय, पण त्या दिवशी मला तीनदा टोचावं लागलं. 

५

लॅबमध्ये दोन्ही ट्यूब स्टँडला लावल्या. तासाभराने लाल खाली बसलं आणि वर पाणी सुटलं. साहेबांच्या ट्यूबमध्ये ते गडद पिवळं होतं. दुसरीत स्वच्छ. निरोगी माणसाचं असतं तसं.

मुंबईला मी एकच पाठवली. दुसरी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात ओतून टाकली. आज वाटतं ठेवायला हवी होती. तेव्हा एक रात्रही ती माझ्या छपराखाली ठेवायची छाती झाली नाही.

डॉक्टरांना काहीतरी सांगणं भाग होतं. आधीचे दोन रिपोर्ट खरे धरले तर ते कावीळ कशाने झाली हे शोधत भलतीकडेच गेले असते. म्हणून मी सांगितलं, चूक माझी आहे. उरणच्या एका, किडनी बदलून तेच औषध घेणाऱ्या पेशंटची ट्यूब आणि टिपणीसांची ट्यूब माझ्याकडून बदलली, दोनदा.

 मग ते जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, "तुमच्या हातून माणूस मेला असता." मी हो म्हटलं. कारखान्याने कामगारांच्या तपासण्यांचं माझ्याकडचं सगळं काम काढून घेतलं. ते रास्तच होतं.

साहेबांना त्याच संध्याकाळी मुंबईला नेलं. चौथ्या दिवशी वहिनींचा फोन आला. आवाज मोकळा होता. निदान झालं होतं. नवं लिव्हर जिथे आतड्याला जोडलं होतं, तिथे पित्ताची नळी आकसली होती. औषध तेलातलं, आणि पित्ताशिवाय तेल पचत नाही. म्हणजे साहेब रोज औषध पीत होते आणि ते अंगाला न लागताच बाहेर जात होतं. आता नळीतून वाट मोकळी केली होती आणि औषध थेट शिरेतून चाललं होतं.

"बघा, कमलाकरभाऊ," वहिनी म्हणाल्या, "सगळ्याला कारण असतं."

मी फोन ठेवला आणि लॅबमध्ये येऊन खुर्चीत बसलो. खरंच, सगळ्याला कारण सापडलं होतं. माझी ट्यूब बदलल्याची थापही इतकी व्यवस्थित बसत होती की दोन-तीन दिवसांत मला उरणच्या त्या पेशंटचा चेहरा आठवायला लागला. असा कुणी पेशंट नव्हता.

६

साहेब हॉस्पिटलात पाच आठवडे होते. वहिनी मुंबईला भावाकडे राहून जाऊन-येऊन करत होत्या. फ्लॅट बंद. किल्ली रंभाकडे, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला.

दुसऱ्या आठवड्यात रंभा माझ्या लॅबवर आली आणि तिने किल्ली टेबलावर ठेवली.

"ही वैनींना द्या. आमी नाय जानार आता."

"का गं?"

"ताला आमीच लावला, आमीच उघारला. आन आतमंदी खाजवतंय." तिने स्वतःच्या दंडावर नखं ओढून दाखवली. कोरड्या कातडीचा आवाज झाला. "असा. थांबत नाय. झाडा मरतील ती मरूं दे."

मी दोन दिवस किल्ली खणात ठेवली. तिसऱ्या दिवशी दुपारी दीडला लॅब बंद करून सायकलवर नवीन पनवेलला गेलो. दिवसाढवळ्या जाऊन बघायचं, मनातलं काढून टाकायचं, असं ठरवलं होतं. उन्हाने रस्ता ओस पडला होता. इमारतीत कुणाच्या तरी टीव्हीवर मॅच चालू होती. दुसऱ्या मजल्यावर आल्यावर ती ऐकू येईनाशी झाली.

मी कुलपाला हात लावला नाही. फक्त दाराला कान लावला.

आधी काही नव्हतं. नळाचा एक थेंब. मग, दूरवरून, म्हणजे हॉलच्या पलीकडून, पडद्याच्या पलीकडून, तो आवाज आला. नखं, कातडीवर. लांब ओढ. थांबणं. मग पुन्हा, जास्त जोरात, जास्त वेळ. मधूनच दात आवळून सोडलेला श्वास.

कावीळ चढली की माणसाला अशी खाज सुटते. मी कितीतरी रोग्यांना असं खाजवताना पाहिलंय. तळपाय, तळहात, रक्त येईपर्यंत. औषध तुटलं, शरीर उलटलं, की असंच होतं. मुंबईला साहेबांच्या शिरेत थेंब थेंब औषध जात होतं. इथे कुणाला ते मिळत नव्हतं.

कबुतर असेल, मी म्हटलं. बाथरूमच्या व्हेंटिलेटरमध्ये कबुतरं घरटी करतात. मी हे तोंडाने मोठ्याने म्हटलं असावं, कारण आतला आवाज एकदम थांबला.

मी वाट बघितली नाही. कुणी मला बोलावण्याच्या आत मी जिना उतरलो. ती किल्ली टपालाने वहिनींच्या भावाकडे पाठवून दिली.

७

मेच्या मध्यावर ते घरी आले. मला वाटलं होतं, आता मला बोलावणार नाहीत. पण बोलावलं. जूनच्या पहिल्या गुरुवारी मी गेलो. वहिनींना अजून सुट्टी होती. दार त्यांनी उघडलं. त्या निम्म्या झाल्या होत्या.

साहेब दिवाणावर बसले होते. चेहरा गोल, हातांवर दाट लव, बोटं कापणारी. प्रकृती उत्तम. डोळे पांढरेशुभ्र.

"या, या, कमलाकर!" ते हसून म्हणाले. एवढं मोकळं ते आधी कधी हसले नव्हते. मी चिठ्ठी लिहून पुढे केली तर त्यांनी हातानेच बाजूला सारली. "ठीकच असणार. आंघोळ करून रक्त देतो हं, दोन मिनिटं."

बाथरूमचं दार लागलं, पाणी सुरू झालं. वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. आतल्या खोलीवरून जाताना मी पाहिलं, पडदा काढलेला होता. खाटेवर गादी नव्हती. खिडकी उघडी.

"तुम्हाला ठाऊक होतं," वहिनी म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो. "ट्यूब बदलल्याचं खोटं आहे."

मी होकाराची मान हलवली.

"हॉस्पिटलातून आम्ही आलो त्या रात्रीपासून आत आवाज होता. हे ऐकायचे नाहीत. ऐकू येत नाही म्हणायचे. दोन दिवस मी कान बंद करून काम केलं. तिसऱ्या दुपारी हे झोपले होते आणि आत कण्हणं सुरू झालं. माझे वडील शेवटी असेच कण्हायचे, भाऊ. मला राहवेना. मी आत गेले."

पाणी वाजत होतं. त्या ओट्याला टेकल्या.

"मच्छरदाणीबाहेर हात आला. मी धरला. अंगात फणफणून ताप होता. मी कपाळावर घडी ठेवावी म्हणून हात लांब केला, पण चेहरा भिंतीकडे होता. म्हणून मानेवर ठेवली. तीन दुपारी मी अशी बसले. यांना सांगितलं नाही."

"औषध..." मी म्हणालो.

"नाही दिलं. एकाचंच आहे औषध. अर्धं अर्धं केलं तर दोघंही जातील, हे कळतं मला." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला हात गार झाला. मग मच्छरदाणीत कुणी नव्हतं. गादीवर पिवळा डाग होता. मी ती जाळायला दिली. डोक्यावरून आंघोळ केली."

"संपलं मग, वहिनी," मी म्हणालो. "तो जो कोण होता, सुटला बिचारा. तुम्ही पुण्याचं काम केलंत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. काही सांगायचं आहे आणि सांगितलं की ते खरं होईल, अशी भीती वाटते तसं.

"जायच्या आधी त्यांनी मला हाक मारली," त्या म्हणाल्या. "आवाज यांचा होता. आणि नीता म्हणून नाही मारली. लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनी मला एक नाव ठेवलं होतं. आईलाही ठाऊक नाही, कुणालाच नाही. त्या नावाने हाक मारून म्हणाले, मला घरी ने."

"वहिनी, आजारात माणसाला..."

"मी म्हटलं, घरीच आहात. मग काही बोलले नाहीत." त्यांनी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. "आणि हे. हॉस्पिटलातून आल्यापासून हे मला नीता म्हणतात. नुसतं नीता. मी वाट बघते रोज."

"तुम्ही तोंड पाहिलं नाही ना पण?"

"वळवता आलं असतं. खांदा धरून जरासं." त्या थांबल्या. "वळवलं असतं तर मला ठरवावं लागलं असतं, भाऊ."

पाणी बंद झालं. बाथरूमची कडी वाजली. साहेब ताजे, ओले, हसत बाहेर आले आणि त्यांनी दिवाणावर बसून माझ्यापुढे हात धरला. डावा. शीर मला लगेच मिळाली, मऊ, भरलेली. मी ट्यूब भरली, चिठ्ठी चिकटवली. आठला दोन मिनिटं कमी होती.

"नीता," त्यांनी हाक मारली, "डोस?"

वहिनी आतून ग्लास घेऊन आल्या. त्यांनी बाटली उजेडात धरली, पिचकारी भरली, आकडा दोनदा तपासला. मी उठून दाराशी चपला घालत होतो, पण पाय निघेना. ही बाई आता काय करणार, ते मला बघायचं होतं.

साहेबांनी ग्लास घेतला. दोन्ही हात इतके कापत होते की दूध काठावरून सांडायला लागलं. वहिनी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांच्याजवळ बसल्या, एक हात त्यांच्या मानेमागे घातला, दुसऱ्या हाताने ग्लास त्यांच्या ओठांना लावला आणि शेवटचा थेंब जाईपर्यंत खाली घेतला नाही.